दोन घरांचा डबा

मी टीव्हीखाली बसलेला काळा डबा बोलतोय. तुम्ही मला पाहिलं असेल, पण माझ्याकडे नीट बघितलं नसेल. बघण्यासारखं जे काही असतं ते वर टीव्हीत असतं, त्यामुळे माझी तक्रार नाही. मला प्लेअर म्हणतात. सिनेमे, मालिका, लग्नं, मयती, रग्बीचे सामने, जे जे फाइल होऊन माझ्या पोटात येतं ते मी पडद्यावर दाखवतो. कपाळावर एक निळा दिवा आहे. तो लागलेला दिसला की समजायचं, स्वारी जागी आहे.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. कुठल्याशा कारखान्यात माझ्यासारख्याच हजारो भावंडांबरोबर जन्मलो, थर्माकोलमध्ये गुंडाळला गेलो, आणि जाग आली ती नुकुआलोफाच्या एका दुकानात, तळाच्या फळीवर. नुकुआलोफा म्हणजे टोंगाची राजधानी, पण मी तिथे पाहिले ते फक्त गिऱ्हाइकांचे पाय.

वरच्या फळीवर माझे दोन देखणे शेजारी होते. एक बोटाएवढी काडी, टीव्हीच्या पाठीत खुपसायची. तिला सतत इंटरनेट लागे. दुसरा चकचकीत, खेळ खेळायचीही सोय असलेला. गिऱ्हाईक आलं की हेच दोघं खाली उतरत. मी धूळ खात पडलो होतो, आणि खरं सांगायचं तर मला धुळीची सवय व्हायला लागली होती.

मग एक दिवस लेसिएली आली.

ही हाआपाईकडची, लिफुका बेटावरची बाई. चर्चच्या बायकांच्या सभेसाठी बोटीनं राजधानीला आली होती. अंगानं भरदार, कमरेला विणलेली झालर, हातात टोपली. तिनं टोपलीतून रुमाल काढला, रुमालाच्या गाठीतून पेनड्राइव्ह काढला आणि काउंटरवर ठेवून म्हणाली, "हे ज्याच्यात चालेल ते दाखव."

"मावशी, आधी हा बघा," दुकानदारानं चकचकीत शेजाऱ्याला खाली उतरवलं. "चित्र एकदम काचेसारखं. सगळं कुटुंब एकत्र बसून बघेल."

"तेच तर व्हायला नको आहे."

"म्हणजे?"

"आमच्या अंगणात दोन घरं आहेत. पुढच्या घरात माझी नणंद, मागच्या घरात आम्ही नवरा-बायको. भाऊ-बहीण एका खोलीत बसून टीव्ही बघतील का रे? कुठला तू?"

"इथलाच, मावशी."

"मग तुझ्या आईनं तुला काही शिकवलं नाही वाटतं!"

दुकानदारानं जीभ चावली. इथे बहीण खोलीत आली की भाऊ उठून बाहेर जातो. बहिणीचा मान मोठा. तिच्यासमोर पाय पसरायचे नाहीत, थट्टामस्करी करायची नाही, वेडंवाकडं बोलायचं नाही. आणि टीव्हीत कधी काय दिसेल याचा नेम नसतो, त्यामुळे टीव्ही तर एकत्र नाहीच नाही.

"दोन डबे घ्या मग," दुकानदार म्हणाला.

"दोन घेऊ आणि दोघांत एकच पेनड्राइव्ह पळवत बसू? एकच हवा. दोन्ही घरांत एकदम दाखवेल असा. आणि इंटरनेटवर जगणारा नको. आमच्या बेटावर इंटरनेट पाहुण्यासारखं येतं नि जेवायच्या आधीच निघून जातं."

काडी तिथेच बाद झाली. चकचकीत शेजाऱ्यात लेसिएलीचा पेनड्राइव्ह लावला तर पडद्यावर आलं, 'ही फाइल चालवता येत नाही'. ती फाइल तिच्या मामाच्या भाषणाची होती. सिडनीत कुणीतरी जुन्या कॅमेऱ्यावर घेतलेली. आमच्या लोकांचे नातेवाईक सिडनीत, ऑकलंडमध्ये, अमेरिकेत पसरलेले, आणि प्रत्येकाचा कॅमेरा वेगळा. फाइली येतात त्याही तऱ्हेतऱ्हेच्या.

शेवटी दुकानदार वाकला आणि त्यानं मला बाहेर काढलं. फुंकर मारली. वायर जोडली. मी जीव तोडून कामाला लागलो. मामा दिसला. फक्त आवाज थोडा पुढे धावत होता आणि मामाचं तोंड मागून हलत होतं. मला घाम फुटला.

लेसिएलीनं डोळे बारीक करून बघितलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "मामा असाच होता. तोंड उघडायच्या आधी बोलून मोकळा. हाच दे."

अशी माझी निवड झाली. चित्राच्या चकाकीवर मला कुणी निवडलं नाही. जे येईल ते पचवतो आणि दोन घरांना एकदम वाढतो, एवढ्यावर मी लिफुकाच्या बोटीत बसलो. लेसिएलीनं मला चटईत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. बाजूला कुणाला बोट लागत होती, कुणी भजनं म्हणत होतं, आणि ती दर थोड्या वेळानं चटई चाचपून बघत होती.

माझी बसायची जागा ठरली ती पुढच्या घरात, फिफिताच्या टीव्हीखाली.

फिफिता म्हणजे लेसिएलीची नणंद. नवरा वारल्यावर माहेरच्या अंगणात परत आलेली. तिच्यासाठी भावानं वडलांचं मोठं घर मोकळं केलं आणि स्वतः मागे, फणसासारख्या त्या ब्रेडफ्रूटच्या झाडापलीकडे, दोन खोल्यांचं घर बांधून राहिला. फिफिता दिवसभर चटया विणायची. बोटं कामात आणि नजर टीव्हीवर, तरी एक पाती चुकायची नाही. तिनं माझ्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला. मला भयंकर उकडायचं, पण मानाची गोष्ट म्हणून मी सोसलं.

भावाचं नाव केलेपी. रताळी-सुरणाचं शेत आणि एक छोटी होडी. माणूस दाराएवढा, चाल मात्र मांजराची. तो माझ्यासमोर कधी आलाच नाही. मला जोडायच्या दिवशीही तो बाहेर पायरीशी उभा, बहीण आत खिडकीशी, आणि मध्ये लेसिएली.

"तिला विचार, निळा दिवा लागला का," केलेपी म्हणाला.

"वन्सं, हे विचारतायत निळा दिवा लागला का."

"लागलाय म्हणावं."

"लागलाय म्हणतात."

खिडकीला काचेच्या पट्ट्या. इकडचा शब्द तिकडे स्वच्छ ऐकू जात होता. तरी प्रत्येक वाक्य लेसिएलीच्या तोंडून फिरून गेलं. ती मध्येच वैतागून म्हणाली, "तुम्हा दोघांपेक्षा हा डबा बरा, वायरीशिवाय बोलतो!" फिफिता गालात हसली. बाहेर केलेपी खोकला. तो हसू आलं की खोकायचा.

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. मागच्या घरातल्या टीव्हीला मी वायरीशिवाय चित्र पोचवायचो, तिथला रिमोट वेगळा. लेसिएलीच्या भाच्यानं फिलिपिनी मालिकेचा अख्खा गठ्ठा आणून माझ्यात ओतला. एक नर्स, एक डॉक्टर, डॉक्टरची खाष्ट आई. संध्याकाळी चुली विझल्या की फिफिता भाग लावायची. सुरुवातीचं गाणं खिडकीतून मागे पोचायचं, की श्वासभर वेळानं केलेपी तोच भाग लावायचा. मी दोन ओंजळींनी एकच पाणी वाढत असे. पुढच्या घरात फिफिता हसली की मागच्या घरात खोकला ऐकू यायचा. डॉक्टरची आई पडद्यावर आली की दोन्ही घरांतून एकदम "आली बया!" उठायचं.

एक गंमत सांगतो. कधीमधी डॉक्टर आणि नर्स एकमेकांच्या फार जवळ जात. मग फिफिता घाईघाईनं पुढे पळवायची. मागे केलेपीही त्याच जागी पुढे पळवायचा. घरात त्याच्यासोबत फक्त त्याची बायको, बहीण झाडापलीकडे, भिंतीपलीकडे. तरी आपण जे बघतोय तेच तीही आत्ता बघतेय, याचीच त्याला लाज. दोघं सारखंच पळवत नसत, त्यामुळे एकाची मालिका पुढे जायची, दुसऱ्याची मागे राहायची. मग लेसिएली अंगणात उभी राहून ओरडायची, "वन्सं, तुमचं लग्न झालं का? आमच्याकडे अजून बोलणीच चाललीत!"

कावा, म्हणजे मुळांचं गुंगी आणणारं पेय, प्यायला जमणारे मित्र केलेपीला चिडवत. "काय केलेपी, कावा सोडून घरी पळतोस! डॉक्टरची आई वाट बघते काय?" केलेपी म्हणायचा, बायकोला भीती वाटते एकटीला. लेसिएली कशाला भीत नाही, हे सगळ्या बेटाला माहीत.

माणसांच्या सवयींबद्दल एवढंच म्हणेन. रिमोटचा सेल संपला की ते बटण आणखी जोरात दाबतात. मग रिमोट मांडीवर आपटतात. मग माझ्याकडे रागानं बघतात. मी काही केलेलं नसतं.

केलेपी आणि लेसिएलीचा एकुलता एक मुलगा, पेनी, ऑकलंडला असतो. त्याला मुलगी झाली. पेनीला बहीण नाही, तेव्हा नाव ठेवायचा मान त्याच्या आत्याचा, म्हणजे फिफिताचा. हे कुणी ठरवावं लागत नाही. आत्यानं दिलेलं नाव म्हणजे नाव.

फिफितानं बरेच दिवस विचार केला. विणता विणता एकटीच नावं पुटपुटायची. शेवटी लेसिएलीला बोलावून फोन लावायला सांगितला, आणि फोनमध्ये मोठ्यानं म्हणाली, "पेनी, मुलीचं नाव फाने."

फाने हे तिच्या आणि केलेपीच्या आईचं नाव.

"हो आत्या," पेनी तिकडून म्हणाला. मी ऐकलं. बाहेर पायरीशी केलेपी सुरण तासत बसला होता, त्यानंही ऐकलं असेल, कारण तासण्याचा आवाज थांबला होता.

बाप्तिस्मा झाला आणि काही दिवसांनी त्याची फाइल बोटीनं आली. त्या संध्याकाळी फिफितानं कमरेला चांगली चटई गुंडाळली, चर्चला जाताना गुंडाळते ती. टीव्हीसमोरच बसायचं होतं, तरी. लेसिएली तिच्याजवळ बसली. केलेपी मागच्या घरात. फिफितानं लावलं, केलेपीनं लावलं.

ऑकलंडचं चर्च दिसलं. पेनी आणि त्याची बायको दिसली. पांढऱ्या झबल्यातली मुलगी दिसली. पाळकांनी विचारलं, मुलीचं नाव काय? फिफिता पुढे सरकून बसली.

"ओलिव्हिया," पेनी म्हणाला.

फिफितानं थांबवलं. पडद्यावर पाळकांची ओंजळ मुलीच्या कपाळावर तशीच अधांतरी राहिली.

मागच्या घरातलं मात्र चालूच होतं. पाणी पडल्याचं, मग भजनाचं, सगळं खिडकीतून ऐकू येत होतं. फिफिता तिकडे कान देऊन थोडा वेळ बसली. लेसिएली मान खाली घालून. मग फिफिता उठली आणि तिनं माझी वायर भिंतीतून उपटली. माझा दिवा विझला, तसं मागच्या घरातलंही थांबलं.

दुसऱ्या दिवशी लेसिएलीनं झाडताना मला परत जोडलं, पण रिमोटला कुणी हात लावला नाही.

आता यातली अडचण ऐका. या घरातलं भांडण बाहेर कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. एरवी भाऊ-बहीण अबोला धरतात तेव्हा शेजारीपाजारी विचारतात, काय झालं म्हणून. इथे भाऊ बहिणीशी बोलत नव्हताच, तिच्या घरात येत नव्हताच. तो पूर्वीसारखाच मान खाली घालून अंगणातून जायचा. शनिवारी उमूत, जमिनीतल्या भट्टीत, भाजायचं सामान आधी तिच्याकडे पाठवायचा. ती ते घ्यायची. चर्चमधली माणसं म्हणायची, भाऊ असावा तर केलेपीसारखा. आदर आणि अबोला, लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

माझ्याशिवाय आणि लेसिएलीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं की काहीतरी मोडलंय. संध्याकाळ व्हायची, चुली विझायच्या, आणि दोन्ही घरं गप्प. नर्सचं लग्न अर्ध्यावर राहिलं. मी निळा दिवा लावून बसलेला, पोटात सगळी मालिका, आणि मागणारं कुणी नाही. मला खूप वाईट वाटायचं. उपाशी राहण्यापेक्षा, भरलेलं ताट घेऊन बसणं जास्त कठीण असतं.

नाताळ झाला. मग पेनीकडून आणखी एक पेनड्राइव्ह आला.

लेसिएलीनं तो माझ्यात लावला आणि फिफिताच्या पुढ्यात बसली. "वन्सं, पोरानं माफी मागितलीये. बघा तरी."

"डोळे दुखतात माझे."

"चटई विणताना नाही दुखत?"

"चटई विणताना माझी बोटं बघतात."

लेसिएली मागे नवऱ्याकडे गेली. तिकडून तिचा चढलेला आवाज ऐकू आला. "मग तुम्ही तरी बघा!"

"तिच्या आधी मी नाही बघणार," केलेपी म्हणाला.

म्हणजे झालं. माफी माझ्या पोटात, आणि ती बघायला दोघंही तयार नाहीत. मला जर एक बोट असतं, एकच, तर मी स्वतः ते बटण दाबलं असतं.

कितीतरी दिवस असेच गेले. फिफिता एक दिवस फोनवर नुकुआलोफाच्या चुलतबहिणीला म्हणाली, तुझ्याकडे येऊन राहावं म्हणते. इथे काय ठेवलंय आता. चटईची दोन मोठी बंडलं तिनं बांधूनही ठेवली. तेव्हा मी खरा घाबरलो. लेसिएली तर त्या दिवशी फिफितासमोरच रडली. "वन्सं, तुम्ही गेलात तर हे खंगतील." फिफिता बंडलाची गाठ आवळत राहिली.

एका शनिवारी दुपारी, ऊन कलत असताना, केलेपी झाडापलीकडून आला. एरवी तो कडेकडेनं जायचा. त्या दिवशी सरळ पुढच्या घरासमोर आला आणि पायऱ्यांपाशी गवतात बसला. कमरेला जुनी, फाटकी, धागे लोंबणारी चटई. गळ्यात इफीच्या पानांची माळ. इफीचं झाड गावाबाहेर आहे. माळ करायला तो सकाळीच गेला असणार. माणसानं चूक कबूल करायची तर अशीच करायची असते, ज्याचा अपराध केला त्याच्या दारात, पानं गळ्यात घालून, मान खाली घालून. समोरचा उठ म्हणेपर्यंत उठायचं नाही.

दार उघडंच होतं. मला सगळं दिसत होतं.

लेसिएली धावत आत आली. "वन्सं, बाहेर या."

फिफिता विणत होती. तिनं मान वर केली, भावाला पाहिलं, आणि हातातली पाती पूर्ण ओवली. मग उठून दाराशी गेली.

एक डुकरीण पिल्लं घेऊन अंगणातून गेली. केलेपीच्या खांद्यांवर ऊन होतं.

"अक्का," केलेपी म्हणाला. थेट तिला. बहिणीला उद्देशून मी त्याच्या तोंडून ऐकलेला तो पहिला शब्द. "पेनीनं मला बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी फोन केला होता. बायको वेगळं नाव म्हणते, म्हणाला. तिकडच्या लोकांना म्हणता येईल असं. मी म्हटलं, आत्याला मी सांगतो. आणि मला सांगायची हिंमत झाली नाही. त्या संध्याकाळी तुला चर्चची चटई गुंडाळताना मी पाहिलं, तरी नाही झाली."

"मला ठाऊक आहे," फिफिता म्हणाली.

केलेपीनं दचकून मान वर केली आणि लगेच खाली घातली. लेसिएलीनं तोंडावर हात ठेवला. "वन्सं, शपथेवर सांगते, मी नाही सांगितलं. मलासुद्धा यांनी मागाहून..."

"तू नाही ग. यानंच सांगितलं." फिफितानं दाराच्या चौकटीला हात टेकला. "त्या दिवशी मी थांबवलं. तुझ्या घरातलं चालू राहिलं, केलेपी. मी कान देऊन बसले होते, की आता थांबेल, आता थांबेल. आईचं नाव गळालं, आणि तुझा हात थांबला नाही. ज्याला नव्यानं कळतं त्याचा हात जागच्या जागी थांबतो."

मी तर दोन्ही घरांना वाढणारा. एक धार बंद झाली आणि दुसरी वाहत राहिली, हे मला तिच्या आधी कळलं होतं. पण त्याचा अर्थ तिला कळला, मला नाही. मला वाटलं होतं, बिचारा तिकडे रडत असेल, बटण सापडलं नसेल.

"पोराचा मला राग नाही," फिफिता म्हणाली. "तो परक्या गावात संसार करतो, त्याला शंभर माणसांना सांभाळावं लागतं. तू तर या अंगणात राहतोस. वाईट बातमी असली तरी ती मला तुझ्याकडून यायला हवी होती. टीव्हीतून नाही."

"हो, अक्का."

"एवढंच दुखलं मला. बाकी काही नाही."

केलेपी रडत होता. त्याचे दाराएवढे खांदे हलत होते आणि पानांची माळ वाजत होती.

फिफिता आत वळली. तिनं माझ्यासमोर बसून रिमोट शोधला, झग्याच्या टोकानं पुसला आणि पेनीची फाइल लावली. आवाज वाढवला, पार गवतापर्यंत जाईल इतका. दार बंद केलं नाही.

ऑकलंडमधलं गॅरेज दिसलं. मागे मोटार, सायकल, कपड्यांची दोरी. सिमेंटवर पेनी बसला होता, कमरेला फाटकी चटई, गळ्यात पानांची माळ, कपाळ जमिनीला टेकलेलं.

"आत्या," तो म्हणाला, "तू दिलेलं नाव मी सांडलं. मला माफ कर."

फिफिता पुढे झुकली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तिनं डोळे बारीक केले. "लेसिएली, ही पानं कसली ग?"

लेसिएलीही झुकली. "इफीची तर नाहीत."

"तिथे कुठली आलीय इफी! शेजाऱ्याच्या कुंपणाची छाटून आणलीत मेल्यानं!" आणि फिफिता हसायला लागली. रडत रडत, पोट धरून हसली. "माफी मागायला निघाला, तीही चोरीच्या पाल्यात!"

बाहेर गवतात केलेपी खोकला.

"ऐकलंस का रे?" फिफिता दाराकडे तोंड करून ओरडली. "पोराचा मान राखायचा म्हणून हसू नकोस, पण कुंपण घातलंय गळ्यात! ऊठ आता. काढ ती माळ, मुंग्या चढतील. लेसिएली, याला काहीतरी खायला दे. सकाळपासून उपाशी दिसतोय."

केलेपी उठला, पण गेला नाही. पायरीवर बसला, घराकडे पाठ करून. फिफितानं मग ती बाप्तिस्म्याची फाइल लावली. मी माझ्या सवयीनं विचारलं, थांबवलं होतं तिथून पुढे दाखवू? तिनं हो म्हटलं. पाळकांची ओंजळ इतक्या महिन्यांनी रिकामी झाली.

केलेपीला पडदा दिसत नव्हता, आणि तो वळून बघणारही नव्हता. म्हणून फिफिता त्याला सांगत बसली. "पाणी पडलं. रडली नाही हं. आता पेनीकडे बघतेय. अगंबाई, शिंकली! पाळकांच्या तोंडावर शिंकली!"

"आई शिंकायची तशी?" केलेपीनं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"अगदी तशी. सगळं चर्च हलवून."

नावाचं काय, हे लेसिएलीनं भीत भीत विचारलं. फिफिता म्हणाली, "कपाळावर पाणी एकदाच पडतं. तिकडे राहू दे ओलिव्हिया. या अंगणात मात्र ती फाने." चटयांची बंडलं तिनं सोडली. त्यातली एक चटई बोटीनं ऑकलंडला गेली, मुलीच्या अंथरुणासाठी.

त्यालाही आता काळ लोटला. मी म्हातारा झालोय. खाऱ्या हवेनं माझ्या पाठीची भोकं गंजली, एका पालीनं आत अंडी घातली, आणि माझी चकती फिरताना कुरकुरते. मालिका चालता चालता मी मध्येच गोठतो. डॉक्टरच्या आईचं तोंड उघडं ते उघडंच राहतं, दोन्ही घरांत. पेनी म्हणतो, नवीन पाठवतो, अडणार नाही असा, वाऱ्यासारखा पळणारा. खोकंसुद्धा बांधून तयार आहे म्हणे.

म्हणून तुमच्यापाशी हे बोलतोय. तुमच्यापैकी कुणी ऑकलंडला जाणार असलं तर त्या पोराला एवढं सांगा, की घाई करू नकोस.

कारण मी अडलो की काय होतं, ते त्याला माहीत नाही. आता मध्ये लेसिएली लागत नाही. गावातली माणसं ऐकून हसतात, पण या वयात कोण मनावर घेतंय. फिफिता खिडकीशी येते आणि झाडापलीकडे हाक मारते.

"केलेपी! तुझंही थांबलं का रे?"

"थांबलं, अक्का!"

"तुला काय वाटतं, ती नर्स परत येईल?"

"येणार. न येऊन जाते कुठे?"

मग शेतातल्या सुरणाचं निघतं, आईचं निघतं, धाकट्या फानेचे दुधाचे दात पडले त्याचं निघतं. माझी चकती तोवर कधीच ठिकाणावर आलेली असते. पण त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी काही सुरू होत नाही.